वर्दळीच्या घरातला पडदा

अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर विकणारे त्याची ओळख दोन प्रकारे करून देतात. कुणी म्हणतं, हा टीव्हीच आहे, फक्त मोठा. कुणी म्हणतं, हे घरातलं थिएटर आहे. टीव्ही म्हणून विकत घेणारा माणूस भर दुपारी, खिडक्या सताड उघड्या ठेवून क्रिकेट लावतो आणि फिकट चित्र बघून हिरमुसतो. थिएटर म्हणून विकत घेणारा दारं-खिडक्या लावून बसतो, आणि काही महिन्यांनी त्याच्या ध्यानात येतं, की याच पैशांत साधा, लांबून फेकणारा प्रोजेक्टर घेतला असता तर अंधारातलं चित्र याहून सरस मिळालं असतं. दोघेही पस्तावतात, आणि यंत्राचा त्यात फारसा दोष नसतो.

माझं मत सांगतो. हे यंत्र वर्दळीच्या घरासाठी आहे. ज्या घरात दिवेलागणीनंतर माणसं एकत्र बसतात, पण गप्प बसत नाहीत. उठतात, चहा आणतात, दार उघडायला जातात, मध्येच कुणी येऊन टेकतं, अशा घरासाठी. आमच्या मासवण गावापासून पालघर-बोईसरपर्यंतची आपली बहुतेक घरं अशीच आहेत. तरीही त्यांतल्या बऱ्याच घरांनी हे यंत्र घेऊ नये, कारण त्यांची भिंत त्याला चालणार नाही. माहितीपत्रकांची पारायणं करणारा माणूस बरोबर इथेच चुकतो. त्याने यंत्रं बघितलेली असतात, भिंत बघितलेली नसते.

आधी यंत्राचं गणित. प्रोजेक्टर पडद्यापासून किती दूर ठेवायचा, या अंतराला चित्राच्या रुंदीने भागलं की जो आकडा येतो त्याला थ्रो रेशो म्हणतात. शंभर इंचांचं चित्र म्हणजे २२१ सेंटिमीटर रुंद आणि साधारण १२५ सेंटिमीटर उंच. फुटांत सांगायचं तर सव्वासात बाय चार. साध्या घरगुती प्रोजेक्टरचा रेशो १.३च्या आसपास धरला, तर एवढ्या चित्रासाठी तो जवळजवळ २.९ मीटर मागे ठेवावा लागतो. आपल्याकडची पुढची खोली दहा बाय बाराची. म्हणजे यंत्र नेमकं बसणाऱ्यांच्या डोक्यावर येणार, वायर छतातून न्यावी लागणार आणि उजेडाचा झोत सगळी खोली ओलांडून जाणार. अल्ट्रा शॉर्ट थ्रो, ज्याला थोडक्यात यूएसटी म्हणतात, त्याचा रेशो घरगुती यंत्रांत साधारण ०.२५ किंवा त्याहून कमी असतो. भिंगांतून आलेला प्रकाश एका वक्र आरशावर आपटून वर भिंतीवर जातो. यंत्राची पाठ भिंतीपासून वीत-दीड वीत, बस्स. टीव्हीच्या टेबलावर जिथे सेट टॉप बॉक्स ठेवायचा तिथेच हे बसतं.

ही युक्ती सिनेमाच्या शौकिनांसाठी निघाली नव्हती. घरोघरी येण्याआधी ती वर्गांमध्ये आणि बैठकीच्या दालनांत रुळली. कारण उघड आहे. फळ्यापुढे उभं राहून शिकवणाऱ्याच्या तोंडावर झोत येतो, डोळे दिपतात, आणि ज्या आकृतीकडे बोट दाखवायचं तिच्यावरच त्याची सावली पडते. झोत खालून किंवा वरून, भिंतीला चिकटून आला की माणूस मोकळा होतो. म्हणजे पडद्यापुढे कुणीतरी सतत वावरणार, हे गृहीत धरूनच या यंत्राची मांडणी झाली. घरात ते आलं तेव्हा जाहिरातीत अंधारा हॉल, मखमली खुर्च्या आणि मक्याच्या लाह्या दाखवल्या गेल्या, आणि मूळ गुण झाकला गेला.

आपल्याकडे चित्र बघण्याची रीत पहिल्यापासून वर्दळीचीच. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे पडदा. ल्युमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी दाखवला गेला, म्हणजे हे त्याच्याही आधीचं. कल्याण आणि मासवण दोन्ही तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात. पुढे जत्रांमधून तंबूतले टुरिंग टॉकीज फिरले, गणेशोत्सवात रस्त्यावर आडवा कापडी पडदा बांधून सोळा एमएमचे सिनेमे दाखवले गेले. त्या पडद्याच्या दोन्ही बाजूंनी लोक बसत. मागच्यांना नावं उलटी दिसत आणि नायक डावऱ्या हाताने मारामारी करी, पण त्यावरून कुणी उठून गेल्याचं ऐकिवात नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि ज्या घरी टीव्ही त्या घरी अख्खी आळी. १९८७ साली रविवार सकाळी रामायण सुरू झालं तेव्हा ओटीवर चपलांचा ढीग असे.

मग घरोघरी टीव्ही आला, आणि त्यानंतर हातोहाती मोबाइल. आज संध्याकाळी एकाच खोलीत पाच माणसं बसलेली असतात आणि पाच वेगवेगळी चित्रं बघत असतात. यावर नैतिक प्रवचन झोडायची माझी इच्छा नाही. मात्र एक साधी गोष्ट दिसते. पस्तीस-चाळीस इंचांचा टीव्ही पाचजणांना धरून ठेवत नाही, सव्वासात फुटांचं चित्र धरून ठेवतं. ते चांगलं असतं म्हणून नव्हे, तर त्याच्याकडे बघितल्याशिवाय राहवत नाही म्हणून. मोबाइल हातात असला तरी मान वर होते. तेवढ्यावरून बोलणं सुरू होतं.

आता साधा प्रोजेक्टर आणि यूएसटी यांतला खरा फरक बघा. आपल्याकडच्या स्लॅबच्या घरांत पुढची खोली हा रस्ताच असतो. स्वयंपाकघरात जायचं तर तिथून, मोरीत जायचं तर तिथून, जिन्याला तिथून. संध्याकाळी आजी देवापुढे दिवा लावून येते तीही तिथूनच, आणि शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या की उंबऱ्यात उभ्या राहून बोलायला लागतात. साध्या प्रोजेक्टरच्या घरात प्रत्येक जाणारा-येणारा कमरेत वाकतो. सूनबाई हातात चहाचा ट्रे घेऊन वाकून जाते, सगळे “अगं, पुढून” म्हणून ओरडतात, आणि ती बिचारी स्वतःच्याच घरात चोरासारखी भिंतीला घासत जाते. प्रकाशाचा झोत खोलीच्या मधोमध असला की घराला थिएटरची शिस्त लागू होते, आणि ती शिस्त सगळ्यांत जास्त जाचते ती काम करणाऱ्या माणसाला. यूएसटीचा झोत हातभर पट्ट्यात असतो. तिथे कुणाला जायचं कारण नसतं. बाकीची खोली घराचीच राहते. माझ्या लेखी या यंत्राचा सगळ्यांत मोठा गुण हाच. रंग, पिक्सेल, आवाज हे सगळं त्यानंतर.

वर्दळीचा आणखी एक इथला प्रकार आहे. तारापूरच्या एमआयडीसीत तीन पाळ्या चालतात. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी पुढच्याच खोलीत झोपतो, कारण पंखा तिथला चांगला. दुसरा कुणी चर्चगेटच्या बाजूला नोकरीला असतो. एप्रिल २०१३पासून उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत आली खरी, पण पालघरला उतरून मासवणला पोचेपर्यंत त्याला नऊ वाजतात. अशा घरात ‘चला, सगळे मिळून सिनेमा बघू’ ही वेळ रोज येतच नाही. आली तर रात्री साडेनऊ ते अकरा, आणि रविवारी. यंत्र घेण्याआधी घरातल्या माणसांच्या पाळ्या कागदावर मांडा, असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात. पण दिवसाकाठी टीव्ही जर मुख्यतः सकाळी दहा ते दुपारी चार चालत असेल, तर यूएसटी घेणं म्हणजे पैसे पाण्यात. ते संध्याकाळचं यंत्र आहे.

असं का, ते समजून घ्यायला उजेडाकडे वळावं लागतं. प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही. तो फक्त प्रकाश टाकू शकतो किंवा न टाकू शकतो. चित्रात जिथे काळोख हवा तिथे तो गप्प बसतो, आणि तिथे आपल्याला दिसते ती नुसती भिंत, खोलीतल्या उजेडात जशी दिसेल तशी. चित्रातला काळोख भिंतीने द्यायचा असतो.

हे आपल्या भागातल्या माणसाला नव्याने सांगावं लागू नये. वारली चित्रात तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग तेवढा असतो. कुडाच्या भिंतीला शेणमातीचा हात, त्यावर गेरू, आणि मग लग्नाचा चौक लिहायला सवासिनी बसतात. त्रिकोणांच्या मधला, झाडाच्या फांद्यांमधला, तारप्याभोवतीच्या नाचातल्या माणसांमधला जो गडदपणा आहे तो कुणी रंगवलेला नसतो. तो गेरूचा असतो. भिंत नीट सारवली नसेल तर हात कितीही कसबी असो, चित्र उठत नाही. डहाणूकडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी १९७०च्या दशकात ही कला लग्नविधीच्या बाहेर काढून कागदावर आणि कापडावर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण कागद-कापड घेतानाही आधी गडद जमीन तयार करावी लागते, ती सुटका नाही. प्रोजेक्टरवाल्याची स्थिती तंतोतंत हीच. हातात फक्त पांढरं आहे, जमीन भिंतीची.

थोडे आकडे मांडतो. २५०० ल्यूमेनचा यूएसटी शंभर इंचांवर, म्हणजे पावणेतीन चौरस मीटरवर पसरला की साध्या पांढऱ्या पृष्ठभागावर साधारण २९० निट्स उजळपणा मिळतो. सिनेमागृहाचं प्रमाण ४८ निट्स आहे. म्हणजे अंधारात हे यंत्र थिएटरच्या सहापट उजळ, आणि ते डोळ्यांना खुपूही शकतं. आता खोलीतली वीस वॉटची एलईडी ट्यूब लावा. तिचा भिंतीवर पडणारा उजेडच पंचवीसेक निट्सचा होतो. मग चित्रातलं पांढरं त्याच्या काळ्यापेक्षा जेमतेम दहा-बारापट उजळ उरतं. नायकाचे काळे केस राखाडी, रात्रीचा प्रसंग धुक्यातला. दिवसा खिडकीचा उजेड ट्यूबच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे तिथे गणित मांडायचीही गरज नाही.

यावर उपाय आहे तो खास पडद्याचा. यूएसटीसाठी जे पडदे मिळतात त्यांवर आडव्या, अतिसूक्ष्म करवतीसारख्या धारा असतात. प्रत्येक धारेची खालची बाजू उजळ, वरची काळी. खालून येणारा यंत्राचा प्रकाश खालच्या बाजूवर आपटून आपल्याकडे येतो, वरून येणारा ट्यूबचा उजेड काळ्या बाजूत जिरतो. हा पडदा चित्राचा निम्मा-अर्धा उजळपणाही खातो, पण ट्यूबचा उजेड त्याहून किती तरी जास्त खातो, म्हणून चित्र उठून दिसतं. लांबून फेकणाऱ्या प्रोजेक्टरसाठी जो उजेड-रोधक पडदा मिळतो तो इथे चालत नाही. तो खालून येणारा प्रकाशही परका समजून अडवतो. दुकानदार हे सांगेलच असं नाही. फ्रेनेल नावाचा आणखी एक प्रकार आहे, समोरून तो जास्त झळाळतो. पण बाजूला बसणाऱ्याला त्यात अंधूक दिसतं, आणि वर्दळीच्या घरात निम्मी माणसं बाजूलाच बसलेली असतात. एक स्वयंपाकघराच्या दारात लसूण सोलत, एक पायरीवर. त्यांना वगळून समोरच्या सोफ्यासाठी पडदा घ्यायचा असेल तर घ्या. मी घेणार नाही.

पडदा नको, भिंतच पुरे, असं म्हणणाऱ्यांसाठी आता भिंतीकडे येतो. यूएसटीचा प्रकाश भिंतीला जवळजवळ घासत वर जातो. वरच्या कडेला पोचेपर्यंत तो इतका तिरपा होतो, की भिंतीला एक मिलिमीटरचा फुगवटा असला तर चित्र तिथे तीनेक मिलिमीटर सरकतं. समोरून येणाऱ्या प्रकाशाला हा फुगवटा कळतही नाही. गवंड्याने ओळंबा लावून, पट्टी मारून केलेला गिलावा आपल्या डोळ्यांना सपाट दिसतो, पण प्रोजेक्टरच्या डोळ्यांना तो सपाट नसतो. बातम्यांची खालची पट्टी नदीसारखी वळते. क्रिकेटच्या खेळपट्टीला बाक येतो. तपासायचं असेल तर रात्री दिवे घालवा आणि मोबाइलची बॅटरी भिंतीच्या तळाशी, भिंतीला टेकवून वरच्या दिशेने धरा. जेवढ्या सावल्या उमटतील तेवढे फुगवटे. आपल्या घराची भिंत किती ओबडधोबड आहे ते पहिल्यांदाच कळेल आणि गवंड्याचा राग येईल.

त्यात आपला पाऊस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पश्चिमेच्या भिंतीला ओल येते, गिलाव्याला पोपडे धरतात, पुट्टी फुगते. मे महिन्यात घोटून गुळगुळीत केलेली भिंत गणपतीपर्यंत तशी राहत नाही. म्हणून चौकटीवर ताणलेला पडदाच घ्यावा लागतो. गुंडाळायचा, वरून ओढायचा साधा पडदा नको, त्याला सुरकुत्या आणि लाटा येतात आणि त्या लाटाही तिपटीने दिसतात. गादीवरची चादर टांगून हौस भागवणाऱ्यांना तर साधा प्रोजेक्टरच बरा. तो चादरीला क्षमा करतो.

यंत्र जागचं हलणं हाही त्यातलाच प्रकार. झाडू मारताना टेबलाला धक्का लागला, की चित्राचा एक कोपरा पडद्याबाहेर जातो. नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरीच्या धुंदलवाडी भागात जमीन हादरत राहिली, तिथल्या भिंतींना तडे गेले. त्या बाजूच्या कुणी मला विचारलं तर मी यूएसटी घेऊ नका म्हणेन. मासवणला तो त्रास तसा नाही, पण मनोर रस्त्यावरून जाणाऱ्या डंपरचा आहे. सॉफ्टवेअरने चित्राचे कोपरे ओढून जमवता येतात, पण त्यात बारकावे जातात. टेबल जड हवं, भिंतीला पक्कं हवं आणि त्याखाली केर जाणार नाही असं हवं. बोईसरच्या सुताराकडून करून घेतलेलं दुकानातल्या चकचकीत टेबलापेक्षा कधीही चांगलं.

भिंतीचा तिसरा प्रश्न मापाचा नाही. पुढच्या खोलीतली सगळ्यांत मोठी, खिडकी नसलेली भिंत रिकामी कधीच नसते. तिथे आजोबा-पणजोबांचे हार घातलेले फोटो असतात, कालनिर्णय असतं, मुलीला शाळेत मिळालेलं प्रशस्तिपत्र चौकटीत असतं, लग्नातला जोडीचा फोटो असतो. सव्वासात फुटांचा पडदा लावायचा म्हणजे या सगळ्यांना उठवायचं. टीव्ही त्यांच्यामध्ये जागा करून बसला होता, पडदा बसू देत नाही. काही घरांत हा निर्णय एका संध्याकाळी होतो, काहींत त्यावरून अबोला धरला जातो. “बापाचा फोटो काढून सिनेमा लावलास?” या प्रश्नाला माहितीपत्रकात उत्तर नाही. उंचीचंही बघावं लागतं. टेबल दीड फूट, यंत्र आणि मधली मोकळी जागा मिळून आणखी दीडेक फूट, त्यावर चार फुटांचं चित्र. नऊ फुटी स्लॅबखाली हे मावतं. कौलारू घराच्या पडवीत, जिथे भिंत सहा-सात फुटांची आणि वर उतार, तिथे मावत नाही, आणि मावत नसेल तर प्रश्न मिटला.

राहतो तो रोजचा सहवास. या यंत्राची काच वर तोंड करून असते, म्हणजे खोलीतली धूळ थेट तिच्यावर बसते. पावसाच्या पहिल्या सरींनंतर संध्याकाळी पंखवाल्या वाळव्या उजेडावर झेपावतात. एखादी काचेवर बसली की पडद्यावर ढगाएवढा डाग हलायला लागतो. किडे पडद्यावर बसले की त्यांच्यामागे पाल येते, आणि एखाद्या गंभीर प्रसंगात नायिकेच्या कपाळावरून ती सावकाश चालत जाते. खिडकीला जाळी नसेल तर आधी जाळी बसवा. काच मऊ, कोरड्या कापडाने पुसायची; पदराने नाही. यंत्रावर टीव्हीवर घालतात तशी विणलेली झालर घालू नका, हवा कोंडते. रांगतं मूल घरात असेल तर ते त्या काचेत डोकावणारच. बहुतेक यंत्रांत कुणी जवळ आलं की लेझर मंद करणारा सेन्सर असतो. तो चालू आहे ना हे पहिल्याच दिवशी स्वतः हात पुढे करून बघा आणि कुणी सांगितलं तरी बंद करू नका.

विजेचं सांगायलाच नको. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ साली तारापूरला सुरू झालं, मासवणच्या पंपांवरून सूर्या नदीचं पाणी वसई-विरारला जातं, आणि आमच्याकडे वारा सुटला की लाईट जाते. जुन्या, दिव्याच्या प्रोजेक्टरला अशी अचानक गेलेली वीज मानवत नसे. पंखा थांबून तापलेला दिवा तसाच कोंडे. लेझरला तो त्रास बराच कमी. पण वीज परत येताना जो दणका येतो त्यापासून वाचवायला स्टॅबिलायझर लागतोच. यंत्र दोन-तीनशे वॉट खातं, इन्व्हर्टरवर सिनेमा पूर्ण करायचा हट्ट धरू नये. लेझरचं आयुष्य वीस-पंचवीस हजार तास सांगतात. रोज चार तास धरले तर तेरा ते सतरा वर्षं होतात, पण त्यातलं सॉफ्टवेअर त्याच्या निम्म्या काळात म्हातारं होतं. मग बाहेरून एक छोटी स्टिक जोडायची. त्यामुळे यंत्रात कुठली ॲप आहेत यावर पसंती ठरवणं मला पटत नाही. पंख्याच्या आवाजाच्या डेसिबलची चर्चाही सोडा. वर पाच नंबरवर फिरणारा सिलिंग फॅन आणि पावसात पत्र्यावरचा ताशा असताना तो कुणाला ऐकू येणार?

खोक्यावरच्या ल्यूमेनच्या आकड्यांवर मात्र लक्ष ठेवा. आन्सी किंवा आयएसओ ल्यूमेन असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तो आकडा सोडून द्या. एकाच चिपच्या डीएलपी यंत्रात काहींना नजर फिरवताना रंगांची रेघ चमकून गेल्यासारखी दिसते, तीन लेझरच्या यंत्रात काहींना लाल भागावर किरकिर दिसते. हे ज्याच्या त्याच्या डोळ्यांवर असतं, म्हणून घरातल्या सगळ्यांना घेऊन जा आणि दुकानदाराला ट्यूब लावायला सांगा. अंधाऱ्या दालनात दाखवलेलं चित्र तुमच्या कामाचं नाही.

पैशांचा मुद्दा थोडक्यात. धड यूएसटी लाखांत जातो, त्याला साजेसा पडदा हजारांत आणि तेही दहाच्या पटीत. सप्टेंबर २०२५मध्ये मोठे टीव्ही आणि प्रोजेक्टर दोन्हींवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे त्या बाजूने कुणाचं पारडं जड झालं नाही. मोठे टीव्ही स्वस्त होत चालले आहेत, आणि उजेडातल्या चित्रात ते यूएसटीला सहज हरवतात. हे मान्य करूनच बोललं पाहिजे. पण शंभर इंचांचा टीव्ही म्हणजे अखंड काच. तिचं खोकं टेम्पोतून उतरवून बोळातून, उंबऱ्यातून, वळणाच्या जिन्यावरून चार माणसांनी न्यायचं; आणि वाटेत एक कोपरा आपटला की संपलं. यूएसटी एक माणूस काखेत मारून नेतो, पडद्याची चौकट सुट्या पट्ट्यांत येते आणि खोलीत जोडली जाते. गल्ली-पाड्यातल्या घरांना हा फरक शहरी परीक्षक मोजतात त्याहून मोठा आहे. दुरुस्ती मात्र मुंबईतच, तेव्हा परदेशातून परस्पर आणलेलं, इथे वॉरंटी नसलेलं यंत्र कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नये.

ज्या जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या कुपोषणाच्या बातम्या येतात तिथे ही चैन शोभते का, असं कुणी विचारेल. चैन आहेच. पण हळदीच्या एका रात्रीत डीजे आणि एलईडी वॉलवर जो खर्च उडतो त्याच्यापुढे हा निदान दहा वर्षं घरात राहतो. आणि सरकारी पैशाने हे यंत्र कुठे घ्यावंच असं मला कुणी विचारलं तर मी आश्रमशाळांचं नाव घेईन, जिथे एका वर्गात दाटीने मुलं बसतात, शिक्षक पुढे उभा असतो आणि संध्याकाळी तीच मुलं तिथेच राहतात. मूळचं ते त्यासाठीच तर आहे.

तेव्हा माझा कौल असा. ज्यांना दिवसा बघायचं आहे त्यांनी पासष्ट इंचांचा टीव्ही घ्यावा आणि समाधानी राहावं. ज्यांच्याकडे एक खोली फक्त सिनेमासाठी राखून ठेवण्याची ऐपत आहे त्यांनी लांबून फेकणारा प्रोजेक्टर घ्यावा. ज्यांची संध्याकाळ माणसांनी भरलेली आहे, भिंत कोरडी आहे आणि फोटोंना दुसरी जागा आहे, त्यांनी यूएसटी घ्यावा, पण पडद्यासकट. पडद्याला पैसे उरत नसतील तर यंत्रही पुढे ढकलावं. घाई तर मुळीच नको. दसऱ्यानंतर भिंती वाळल्या की सव्वासात बाय चार फुटांची चौकट खडूने आखा, आठवडाभर तशीच ठेवा, घरातल्या प्रत्येकाला विचारा, आणि मगच दुकानाची पायरी चढा.